जुना सर्व्हर व्हीएममध्ये नेण्याआधी

जुना सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, टूल कुठलं वापरू? माझ्या मते तो प्रश्न सगळ्यात शेवटचा. सिसइंटर्नल्सचं डिस्क२व्हीएचडी घ्या किंवा व्हीएमवेअरचं कन्व्हर्टर, डिस्कची नक्कल दोन्ही नीट करतात. काम अडतं ते डिस्कवर नसलेल्या गोष्टींपाशी.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी हे काम केलं. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २००३. तिचे सुरक्षा अपडेट जुलै २०१५ मध्येच थांबलेले, पण ऊस वजनाचा प्रोग्रॅम तिच्यावरच चालायचा. डिस्क आवाज करू लागल्या होत्या आणि तसल्या बदली डिस्क बाजारात मिळत नव्हत्या. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी मी टॉर्च घेऊन यंत्राच्या मागे गेलो आणि एकेक वायर कुठे जाते ते पाहिलं. सीरियल केबल थेट वजनकाट्याच्या इंडिकेटरकडे. यूएसबीत हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डोंगल. यातलं काहीही कागदावर नव्हतं, काट्यावरच्या माणसाला मात्र सगळं तोंडपाठ होतं. अशा माणसापाशी आधी बसा, हे मी प्रत्येकाला आग्रहानं सांगतो.

व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलते, केबल हलत नाही. म्हणून काट्याजवळ सीरियलचं इथरनेट करणारी डबी बसवली आणि व्हीएममध्ये तिचा ड्रायव्हर टाकून जुन्याच क्रमांकाचा कॉम पोर्ट तयार केला. बॉड रेट आणि पॅरिटी जुन्या यंत्रावरून आधीच टिपून ठेवली होती. डबी विकत घेण्यापूर्वी तिचा ड्रायव्हर तुमच्या जुन्या विंडोजवर चालतो का, ते विचारा. डोंगलसाठी नेटवर्कवरचा यूएसबी हब चालतो. मात्र यंत्रासोबत आलेला विंडोजचा ओईएम परवाना त्या यंत्रापुरताच असतो, तो व्हीएममध्ये नेता येत नाही. नव्या परवान्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा, नाहीतर नंतर संचालक मंडळापुढे पुन्हा जावं लागतं.

पहिल्यांदा सुरू करताना ‘७बी’चा निळा पडदा दिसला तर घाबरू नका. विंडोज जुन्या रेड कंट्रोलरला शोधत असते आणि समोर आभासी कंट्रोलर असतो. कन्व्हर्टर लागणारा ड्रायव्हर बहुतेक वेळा स्वतः घालतं. नुसती डिस्क उचलणार असाल, तर तो मूळ यंत्रावरच आधी घालून ठेवा. लिनक्समध्ये हेच काम इनिटरामएफएसमध्ये व्हर्टआयओचे मॉड्यूल घालून होतं. यंत्र उठलं की जुन्या कंपनीचे रेडवर नजर ठेवणारे एजंट काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपून राहिलेलं जुनं नेटवर्क कार्डही काढा, नाहीतर तोच आयपी देताना विंडोज हरकत घेते.

डोमेन कंट्रोलरची नक्कल करूच नका. नवा उभारा, भूमिका त्याच्याकडे सोपवा, मग जुना उतरवा. जुन्या क्षणाची प्रत पुन्हा जागी झाली तर डिरेक्टरीचा ताळमेळ बिघडतो आणि तो बिघाड बराच काळ दिसतही नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती चालू यंत्राच्या नकलेची. नक्कल एका क्षणाची असते, त्यानंतरच्या नोंदी जुन्या यंत्रावरच राहतात. दोन्ही यंत्रं एकाच नावानं नेटवर्कवर आली, तर काही पावत्या इकडे आणि काही तिकडे जातात. उसाचं बिल ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत द्यायचं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पावती हरवली तर कुणाच्या तरी ट्रॉलीभर उसाचे पैसे अडकतात, म्हणून इथे घाई मला सहन होत नाही. गाळप संपल्यावरच काम काढा. डेटाबेसच्या सेवा बंद करा, नक्कल घ्या आणि जुन्या यंत्राची नेटवर्क केबल काढूनच व्हीएम सुरू करा.

मग काट्यावर भरलेली गाडी घाला. इंडिकेटरवरचा आकडा आणि छापील पावती जुळते का, ते शेतकी खात्याच्या माणसाला स्वतः पाहू द्या. जुनं यंत्र भंगारात देण्याची घाई करू नका. नव्या हंगामातल्या पहिल्या बिलांचा हिशेब जुळेपर्यंत ते केबल काढलेल्या अवस्थेत, डिस्कसकट जागेवर राहू द्या.