पालवी फुटली, पण मुळे कुठे?

प्रश्न : मामांच्या शेतातल्या भगव्या डाळिंबाच्या फांद्या गच्चीवर कुंडीत लावल्या. पालवी फुटली आणि पंधरवड्यात सगळे वाळले. डाळिंबाला गुटीच बांधावी लागते का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तसे नाही. डाळिंब फाटे कलमानेही येते. पालवी म्हणजे मुळे धरली, हा समज मात्र सोडा. ती फांदीतल्या साठवलेल्या अन्नावर फुटते. साठा संपला की मान टाकते.

डिसेंबर-जानेवारीत, झाड विश्रांतीत असताना, पेन्सिलीएवढी जाड, वर्षभर जुनी काडी घ्या. लांबी वीतभर. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. पाने काढा, बुडख्याला मुळे फुटवणारी आयबीए पावडर लावा आणि वाळू-कोकोपीट भरलेल्या पिशवीत दोन तृतीयांश काडी गाडा. सावली हवी, ओल हवी, पण पाणी साचायला नको. पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळे दिसेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, काडी उपटून पाहू नका. घाई असेल तर पावसाळ्यात गुटी बांधा, ती जास्त खात्रीची.

खरी काळजी तेल्याची. हा जिवाणूजन्य रोग काडीबरोबर येतो. मामांच्या बागेत फळांवर तेलकट काळे डाग किंवा फांदीच्या पेऱ्यावर काळपट चिरा असतील, तर तिथली काडी घेऊच नका, दिसायला कितीही निरोगी असो. कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा. शंका वाटल्यास केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुमच्या गावातच आहे, तिथे विचारा.