आधी दावण, मग बैल

म्हातारा बैल कसायाच्या वाटेवरून माघारी आणायला एक दुपार पुरते. पुढची सात-आठ वर्षे त्याला खाऊ घालायचे असते. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात थकलेल्या बैलांसाठी आणि भाकड गाईंसाठी घर शोधण्याचे काम मी काही वर्षांपासून करतो. या कामात येऊ पाहणारी तरुण पोरे भेटली की मी त्यांना एकच विचारतो: दावणीला जागा आहे का, आणि वैशाखात कुटार, म्हणजे भुशाचा चारा, कुठून आणणार? या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्यांनी अजून बाजाराकडे फिरकू नये, असे मी स्पष्ट सांगतो. त्यामागे जे पाहिले, ते इथे मांडतो.

बैल बाजारात का येतो

आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि तूर. नांगरणी ट्रॅक्टर करतो, सोयाबीन हार्वेस्टर काढतो. बैलजोडी उरली ती डवरणीपुरती आणि कुठे बंडीपुरती. ज्वारीचा पेरा गेला, त्याबरोबर कडबाही गेला. आता गोठ्यात सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार असते. तेही हार्वेस्टरमागे बरेचसे शेतातच विखरून जाते. फाल्गुन-चैत्रात गंजी संपत येते आणि मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसा लागतो. म्हातारा बैल विकला जातो तो याच दोन वेळांना.

विकणारा शेतकरी निर्दयी नसतो. पोळ्याला ज्याच्या खांद्याला हळद-लोणी लावले, त्याचा कासरा दुसऱ्याच्या हाती देताना तो मान फिरवतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पण ज्या घरी तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल सजवतात, त्याच घराच्या गोठ्यातल्या खऱ्या बैलाला जेठाचा महिना काढवत नाही, हीही गोष्ट खरी.

कायद्याने चित्र बदलले, ते अर्धेच. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमात गाईच्या कत्तलीला बंदी होती, पण निकामी बैल दाखला घेऊन कापता येई. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळू यांनाही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हाताऱ्या बैलाचे उघड गिऱ्हाईक त्यामुळे संपले, चोरून घेणारे मात्र राहिले. बैलाला मरेपर्यंत पोसायचे कोणी, हे कायद्याने शेतकऱ्यावर सोडले.

बाजारातून सोडवू नका

हे ऐकून बऱ्याच जणांना राग येतो. आमच्या गटाने वर्गणी काढून एका बैलबाजारातून सलग काही बाजार म्हातारी जनावरे घेतली. फोटो निघाले, हार घातले गेले. मग एक दिवस दलालाचाच फोन आला: “भाऊ, दोन बुढे बैल आणले आहेत. घेता का, नाही तं गाडीत चढवतो.” आम्ही त्याचे सर्वांत खात्रीचे गिऱ्हाईक झालो होतो. जो बैल कसायासाठी तो स्वस्तात उचलत होता, त्याचा भाव आमच्यासमोर वाढवत होता, आणि आमच्या पैशातून पुढच्या बाजारी आणखी म्हातारी जनावरे आणत होता.

अमेरिकेत घोड्यांबाबत हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथले शेवटचे घोडे-कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, तरी घोडे सीमेपलीकडे मेक्सिको आणि कॅनडात जात राहिले. “अमक्या तारखेच्या आत पैसे भरा, नाहीतर हा घोडा ट्रकमध्ये जाईल” अशा आवाहनांवर दयाळू माणसे पैसे पाठवतात. ते पैसे व्यापाऱ्याच्या खिशात जातात आणि तो लिलावातून नवे घोडे उचलतो.

मुंबईच्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचे उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये ठरवले, तेव्हा सरकारला पुनर्वसनाचाही विचार करायला सांगितले. जनावराचे काम एका आदेशाने थांबते, त्याचे पोट थांबत नाही.

दलालाचा खेळ ओळखला, म्हणून आमचा नियम: दलालाला पैसा नाही. बोलायचे ते मूळ मालकाशी, तेही बैल गोठ्यात असताना.

ट्रक अडवू नका

रात्री भरलेली गाडी जाताना दिसली तर ११२ वर फोन करा, गाडीचा नंबर आणि दिशा सांगा, आणि बाजूला व्हा. गाडी अडवणे, कोणाला मारणे हे गुन्हे आहेत, आणि चित्रफीतही पसरवू नका. दुसऱ्या तालुक्यातून घेतलेली औताची जोडी घरी नेणारा शेतकरीही त्याच रस्त्याने जात असतो, हे विसरू नका.

पोलिसांनी जप्त केलेली जनावरे आपल्या गोशाळेत आली म्हणजे ती आपली झाली, असेही नाही. खटला चालू असेपर्यंत ती न्यायालयाच्या ताब्यातला मुद्देमाल असतात. २०१७ च्या नियमांनुसार त्यांना गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवता येते आणि पोसण्याचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो. पण न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती कोणाला देता येत नाहीत. जवळच्या एका गोशाळेने अशी जनावरे उत्साहाने गावोगावी वाटली आणि पुढे मालकाच्या बाजूने निकाल लागला. तेव्हा ती परत गोळा करताना सर्वांची दमछाक झाली, दोन घरांशी तर कायमचे वितुष्ट आले. पावती, पंचनाम्याची प्रत, टॅग नंबर आणि फोटो पहिल्याच दिवशी फाईलला लावा.

आपण स्वतः बैल नेतानाही कागद लागतात. १ जून २०२४ पासून राज्यात कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. टॅगवर बारा आकडी नंबर असतो. मालक बदलला की त्याची नोंदही बदलून घ्या. पशुवैद्यकाकडून प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्या, गाडीत तणस अंथरा, तोंड इंजिनाकडे ठेवा आणि सोबत माणूस द्या.

पहिले तीन आठवडे

उपाशी जनावर घरी आले की आयाबायांचा जीव कळवळतो. कोणी पोळ्या आणते, कोणी भात, कोणी पायलीभर ज्वारी. एका घरी पहिल्याच संध्याकाळी बैलाला लग्नातले उरलेले अन्न पोटभर घातले. रात्री पोट फुगले, डॉक्टर येईपर्यंत बैल आडवा झाला होता आणि सकाळी गेला. अनेक दिवस उपाशी असलेल्या जनावराच्या पोटात धान्य एकदम गेले की आम्ल वाढते आणि ते जिवावर बेतते. पहिले काही दिवस पाणी थोडे थोडे, आणि फक्त कोरडा चारा. ढेप आठवड्यानंतर, तीही मूठ-मूठ वाढवत. कोवळी ज्वारी कधीच नाही, तिच्यात विष असते.

नवे जनावर तीन आठवडे वेगळे बांधा. २०२२ मध्ये लम्पी रोगाने बाजार बंद पाडले, ते आठवा. गोचिडांचा बंदोबस्त आणि जंताचे औषध याच काळात उरका. लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्याआधी टोचून घ्या. म्हाताऱ्या बैलाची शिंगेही पाहून घ्या. शिंग एका बाजूला कलले, नाकातून त्याच बाजूने रक्ताळ पाणी आले तर शिंगाचा कर्करोग असू शकतो. गावात डॉक्टर नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करा.

दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचू देऊ नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मरतात. मेलॉक्सिकॅम मागा.

 

घर कसे ओळखावे

“आम्ही घेतो, आमचे मन मोठे आहे” असे सांगणाऱ्याचे मन पाहण्याआधी गंजी पाहा. साडेतीनशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ-नऊ किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला तीन टनांच्या घरात. पाणी दिवसाला चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. विहीर मे महिन्यात आटते का, हे शेजाऱ्याला विचारा. घरातल्या बाईला विचारा, कारण शेणपाणी तिच्याच अंगावर पडते. ती गप्प राहिली तर तिथे बैल देऊ नका.

काम अजिबात नको, असा हट्ट आम्ही धरत नाही. भाजीच्या वाफ्यात तासभर डवरणी किंवा अर्धी बंडी शेणखत एवढे हलके काम बैलाचे पाय मोकळे ठेवते आणि घरालाही त्याचा उपयोग वाटतो. मर्यादा मात्र लिहून देतो. ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत दिवसाला नऊ तासांहून अधिक, सलग पाच तासांहून अधिक, आणि पारा ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन या वेळात काम घ्यायला मनाई आहे. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तर सकाळी दहानंतर खुंट्याला बांधलेले बरे. जोडी असेल तर फोडू नका. एकाच जुवाखाली म्हातारे झालेले बैल वेगळे केले की एखादा चारा सोडतो.

बैल दिल्यावर आम्ही साधा करारनामा करतो: विकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, जमेनासे झाले तर आम्हाला कळवायचे आणि आम्ही परत न्यायचा. एका गृहस्थाने गोड बोलून नेलेला बैल पुढच्या उन्हाळ्यात गोठ्यात नव्हता. विचारले तर “साळ्याकडे दिला” म्हणाला, साळ्याकडे विचारले तर त्याला पत्ताच नव्हता. तेव्हापासून आम्ही न सांगता भेट देतो, विशेषतः एप्रिलमध्ये. चारा असताना सगळेच चांगले वागतात.

मरणाचाही विचार आधीच करा. बैल मेल्यावर ओढत नेऊन नाल्यात टाकणारे घर चांगले नाही. खड्डा सहा फूट खोल हवा, वर चुना हवा, आणि तो खणायला जागा कुठे ते आज ठरलेले असावे.

वर्ध्याने आधीच सांगितलेले

हे हिशेबी बोलणे काहींना कोरडे वाटते. त्यांना मी देवळीपासून थोड्याच अंतरावरचा इतिहास सांगतो. जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने वर्ध्याच्या गोपुरीत गोसेवेला दिले. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. गांधीजींचा त्यांना आग्रह होता तो चांगल्या वळूचा, चांगल्या चाऱ्याचा आणि मेलेल्या जनावराच्या कातड्याचाही. नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकर मेलेल्या जनावरांची कातडी कमावत, ती याच विचाराने. जनावर जिवंतपणी आणि मेल्यावरही घराला परवडले तरच टिकते, हा त्यामागचा हिशेब. आमच्या जिल्ह्याची गवळाऊ जातही तशीच टिकली: चपळ बैल हवा होता, म्हणून हेटीकुंडीच्या केंद्रात तिची पैदास जपली गेली.

विनोबांच्या प्रेरणेने ११ जानेवारी १९८२ ला मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला. त्यातून बंदीच्या मागणीला बळ मिळाले. पण बंदीने चाऱ्याची गंजी उभी राहत नाही. राज्याच्या गोसेवा आयोगामार्फत २०२४ पासून नोंदणीकृत गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये मिळतात. घरच्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलासाठी त्यातले काही येत नाही.

तर मग काय करावे

आता आमचा बहुतेक पैसा आणि वेळ सोडवण्यावर जात नाही. तो बैलाला त्याच्याच गोठ्यात ठेवण्यावर जातो. मालकाची सवय असते, बैलाला जागा ठाऊक असते, नवे घर शोधावे लागत नाही. बहुतेकदा अडचण चार महिन्यांच्या चाऱ्याची असते. दिवाळीनंतर हार्वेस्टरच्या मागे फिरून सोयाबीनचे कुटार गोळा करा आणि पावसापासून झाकून ठेवा. तूर निघाली की तिचेही घ्या. फाल्गुनात ज्या घरी गंजी संपत आली असेल तिथे जा आणि उसने कुटार द्या, पुढच्या हंगामात परत घ्या. मृगाआधी बियाण्यासाठी बैल विकणारा असेल तर गावातल्या चौघांनी मिळून बियाण्याची उधारी जमवा. दलाल देतो त्याहून ती स्वस्त पडते.

नवा गट काढणार असाल तर बाजाराला जाऊ नका, फोटोही काढू नका. आपल्या गावातल्या दहा वर्षांवरच्या बैलांची यादी करा, प्रत्येकाच्या मालकाला कुटार किती दिवस पुरेल ते विचारा, आणि सगळ्यांत कमी दिवस ज्याचे असतील त्याच्यापासून सुरुवात करा. यादी डिसेंबरात तयार असली पाहिजे. चैत्रात ती करायला बसलात तर दलाल तुमच्या आधी पोहोचलेला असेल.