समुद्रात गोडे पाणी कसे पुरते?



गेल्या मोसमात माझे बाबा मासेमारीच्या खेपेवरून दोन दिवस आधीच परत आले. नौकेवरच्या पिंपातल्या पाण्याला डिझेलचा वास लागला होता. सगळं गोडं पाणी त्या एकाच पिंपात! त्या खेपेचा खर्चसुद्धा निघाला नाही. मला प्रश्न पडला, शिडाच्या लहान होडीतून महिनोन्‌महिने फिरणारे लोक पाण्याचं काय करतात? गुरुजींनी मला एक गोष्ट सांगितली.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून एकटाच निघाला. त्याची 'सुहेली' ही ३२ फुटी होडी आपल्या मुंबईत सागवानाची बांधलेली होती. कुठल्याही बंदरात न थांबता, पृथ्वीला फेरी घालून तो ३१२ दिवसांनी परत आला. असे करणारा तो पहिलाच.

आता हिशेब करू. रोज ३ लिटर धरले तर ३१२ × ३ = ९३६ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन १ किलो. म्हणजे ९३६ किलो! लहान होडीत एवढा भार कसा न्यायचा?

समुद्राचं पाणी तर पिता येत नाही. त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडांना, प्यालो त्याहून जास्त पाणी खर्च करावे लागते. म्हणून तहान भागत नाही, उलट वाढते.

त्यात वाटेत रॉबिनच्या टाकीतलं पाणी खराब झालं. पण थोडं पाणी त्याने वेगळ्या कॅनमध्ये ठेवलं होतं. ते जपून वापरलं आणि शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी धरलं. म्हणून तो पुढे जाऊ शकला.

आता खाऱ्या पाण्यातले मीठ काढणारी यंत्रे मिळतात. पण यंत्र बिघडू शकते. म्हणून हे नियम लक्षात ठेवा :

१. पाणी अनेक कॅनमध्ये ठेवावे. काठोकाठ भरू नये. थोडी हवा असली की कॅन समुद्रात पडला तरी तरंगतो.
२. रोजचे पाणी मापून घ्यावे.
३. भांडी व अंघोळ समुद्राच्या पाण्याने करावी. भातात मिठाऐवजी थोडे खारे पाणी घालावे.
४. पाऊस आला की आधी शिडावरचे मीठ धुऊन जाऊ द्यावे. मग पाणी चाखून भरावे.

मी पावसात आईचं जुनं लुगडं चार खांबांना बांधलं, मधे धुतलेला दगड ठेवला आणि खाली कळशी ठेवली. पहिलं पाणी गढूळ आलं, ते झाडांना घातलं. नंतर कळशी स्वच्छ पाण्याने भरली! तुम्हीही करून पाहा.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते हसले, पण पुढच्या खेपेला पिंपाऐवजी पाच कॅन घेऊन गेले. एकाला वास लागला तरी चार शिल्लक राहतील.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी