वीज गेल्यानंतरचा संगणक : कारणाचा शोध

पावसाळ्यात वीज वारंवार जाते, आणि ती परत आल्यावर एखादा संगणक सुरूच होत नाही. अशा वेळी आमच्या संगणक कक्षात पहिला प्रश्न विचारला जाई, "शेवटी यावर कोण बसले होते?" एकदा या प्रश्नावरून आठवीतील एका मुलाला आम्ही दोष दिला. तपासणीअंती तो निर्दोष ठरला. त्या चुकीतून आम्ही जी पद्धत शिकलो, ती येथे मांडत आहोत.

भगवान बुद्धांनी दुःख, दुःखाचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग असा क्रम सांगितला. कारण जाणल्याविना उपाय नाही, ही दृष्टी यंत्राच्या बाबतीतही उपयोगी पडते.

प्रथम बाहेरून पाहावे. त्याच सॉकेटला दिवा लावून वीज येते का, हे तपासावे. मग यूपीएस, केबल आणि संगणकाच्या मागील बटण पाहावे. मॉनिटरची केबल सैल असली तरी संगणक बंद पडल्याचा भास होतो.

वीज येऊनही संगणक निपचित असेल, तर केबल काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. त्यामुळे आत साठलेला विद्युतभार निघून जातो, आणि कित्येकदा एवढ्यानेच संगणक सुरू होतो.

तरीही हालचाल नसेल, तर एसएमपीएसवर संशय घ्यावा. हा भाग घरगुती २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. वीज परत येताना दाब एकाएकी वाढला, तर त्याचा पहिला आघात यावरच होतो. दुसरा चांगला एसएमपीएस जोडून पाहावा. मात्र विद्यार्थ्यांनी तो कधीही उघडू नये. केबल काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार शिल्लक राहू शकतो.

पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तेव्हा रॅम पाहावी. वीज तोडून, पेटीच्या धातूला हात लावून, रॅम काढावी. तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसून ती नीट बसवावी. दिनांक व वेळ चुकीची दिसत असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदलावा. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करू नये. आतील माहिती कायमची गमावण्याचा संभव असतो. अशी डिस्क जाणकाराकडेच द्यावी.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि परिणाम लिहून ठेवावा. दोन भाग एकदम बदलले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

त्या मुलाच्या संगणकाचा एसएमपीएस जळाला होता. नवा बसवताच तो सुरू झाला. वीज परतली तेव्हा सर्व बटणे चालूच राहिली होती, आणि ती बंद करण्याची जबाबदारी आमची होती. आम्ही वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली. आता वीज जाताच मुख्य बटण बंद केले जाते, आणि वीज परतल्यावर दहा मिनिटांनी एकेक संगणक सुरू होतो. कक्षातील नोंदवहीत 'कोणामुळे' असा रकाना नाही. 'कशामुळे' असा आहे.