परसातील मासळी-कट्टा : आरंभ सांडपाण्यापासून

मासळी ही नाशवंत वस्तू आहे, हे कोकणातील घराघरांत ठाऊक आहे. घाटावरील शेतकऱ्यासही ते आता अनुभवाने कळू लागले आहे. महाराष्ट्रात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि पाण्यासाठी खणलेल्या अनेक तळ्यांत पुढे रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडले गेले. बांधावर मासळी घ्यावयास आलेले गिऱ्हाईक ती साफ करून मागते. घरातील मंडळी मग हाताशी असेल त्या दगडावर, बहुधा विहिरीच्या किंवा तळ्याच्या काठीच, ती साफ करून देतात. आतडी तळ्यात पडतात, रक्ताचे पाणी विहिरीकडे ओघळते आणि खवले आठवडाभर बांधावर चमकत राहतात. कोकणात मासळी साफ करण्याचे कसब पिढीजात आहे. पण तेथेही हे काम पुष्कळदा न्हाणीच्या दाराशी किंवा आडाच्या काठाशीच चालते.

याकरिता परसात एक लहानसा पक्का कट्टा बांधून घेणे इष्ट आहे. तो बांधताना गवंडी बहुधा वरच्या फरशीपासून विचार सुरू करतो व सांडपाण्याचे पुढे पाहू असे म्हणतो. हा क्रम उलट असावयास हवा. पाणी कोठे जाणार हे आधी ठरवावे, त्यावरून जागा ठरवावी आणि कट्ट्याचा आकार सर्वांत शेवटी.

ताज्या, निरोगी माशाचे मांस आतून जंतुरहित असते. जंतू असतात ते त्याच्या कातडीवरील बुळबुळीत थरात, कल्ल्यांत व आतड्यांत. साफ करताना हेच जंतू विळीच्या पात्यावरून, पाटावरून आणि हातांवरून मांसावर पसरतात. म्हणजे ज्या कामाने मासळी टिकावयाची, तेच काम गलिच्छ जागी केल्यास ती लवकर बिघडते. बांगडा, तारली, कुपा या जातींत आणखी एक धोका आहे. ही मासळी उन्हात किंवा नुसत्या उबेत काही तास राहिली, तर तीत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. खाणाऱ्याचे अंग लाल होते, खाज सुटते व डोके दुखते. हे द्रव्य शिजवल्याने नाहीसे होत नाही. शिळा बांगडा चांगला उकळला की झाले, ही समजूत म्हणून धोक्याची आहे.

टाकाऊ भागाचा प्रश्नही लहान नाही. कोळंबीचे डोके व साल मिळून निम्म्याच्या आसपास वजन जाते. हा माल उघड्यावर पडला की माश्या, कुत्री व उंदीर जमतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या जमिनीत येतात व हातापायांच्या जखमांतून शरीरात शिरतात. कोकणात पावसाळ्यात या रोगाने माणसे दगावली आहेत. मासळी साफ करणाऱ्या बाईच्या बोटांना कापल्याच्या खुणा नाहीत, असे क्वचितच असते. आणि ज्या तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे, तेथे घरामागे जमलेली कुत्री कोणाला बोलावतात, हे तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको.

पाण्याची वाट

कट्ट्याचे सांडपाणी ज्या शोषखड्ड्यात जाणार, तो पिण्याच्या विहिरीपासून किमान ५० फूट दूर व विहिरीच्या खालच्या अंगास असावा. जांभ्या दगडाच्या मुलखात हे अंतर शक्य तर दुप्पट ठेवावे. जांभा सच्छिद्र असतो व त्यात ठिकठिकाणी पोकळ्या असतात. त्यामुळे खड्ड्यातील पाणी गाळले न जाता लांबवर पोचते. वरून कोरडा ठणठणीत दिसणारा शोषखड्डा पाहून घरधनी संतुष्ट होतो, पण ते पाणी नेमके कोठे गेले याचा विचार जांभ्यात अधिक करावयास हवा.

काळ्या मातीत नेमकी उलट अडचण येते. ही माती ओली झाली की फुगते व पाणी शोषेनाशी होते. अशा ठिकाणी शोषखड्डा खणल्यास पहिल्या महिन्यातच तो तुंबतो व त्यात डासांची पैदास होते. तेथे खड्ड्याचा हट्ट सोडून पाणी केळीच्या वाफ्याकडे न्यावे. चार-सहा केळी असलेला उथळ वाफा, त्यात पाचटाचे आच्छादन आणि पाणी आलटून-पालटून सोडण्यासाठी दोन भाग, एवढे घरगुती कट्ट्यास पुरते. मात्र मासळी खारवल्यानंतरचे मिठाचे पाणी या वाफ्यात कधीही सोडू नये; केळ ते सोसत नाही.

मुरमाड किंवा वाळूमिश्र जमिनीत ३ फूट लांब, ३ फूट रुंद व ३ फूट खोल खड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, वर क्रमाने लहान दगड व विटांचे तुकडे भरावेत. ज्या ठिकाणी पावसाळ्यात भूजल वर येते, तेथे हा खड्डा खोल न नेता उथळ व रुंद करावा. पाण्याने भरलेल्या जमिनीत आणखी पाणी मुरत नाही.

खड्डा कोणत्याही जमिनीत असो, मासळीची चरबी व खवले त्यात थेट गेल्यास तो वर्षभरही चालणार नाही. म्हणून कट्टा व खड्डा यांच्या मध्ये दीड फूट चौरस असा एक लहान हौद बांधावा. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी म्हणजे खवले वर अडतील. बाहेर जाणाऱ्या पाइपास आतल्या बाजूने कोपर लावून त्याचे तोंड पाण्यात खाली वळवावे. हौदाचा तळ या तोंडाहूनही अर्धा-पाऊण फूट खाली असावा. चरबी पाण्यावर तरंगते, गाळ तळाशी बसतो आणि मधले पाणी तेवढे पुढे जाते. जाळी रोज व हौद आठवड्यातून एकदा साफ करावा. हौदावर झाकण हवेच. या कोपराचा खर्च नगण्य असतो, आणि गवंडी बहुधा तोच विसरतो.

कट्टा

आपल्याकडे मासळी कापण्याचे साधन म्हणजे विळी. विळीवर काम बसून होते. एका पायाने पाट दाबून धरावा लागतो व दोन्ही हात मोकळे राहतात. शहरी नमुन्याचा उंच ओटा बांधून दिला, तर सवय नसल्याने घरातील स्त्री पुन्हा जमिनीवरच बसते आणि ओट्यावर भांडी साठतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आराखडा काढण्यापूर्वी काम कोण करते व कसे करते, हे पाहून घ्यावे. आणि ते घरातील पुरुषास न विचारता त्या स्त्रीसच विचारावे.

बैठ्या कामासाठी ६ फूट लांब, ४ फूट रुंद व जमिनीपासून दीड फूट उंच असा ओटा पुरेसा होतो. त्याचा मागील २ फुटांचा भाग कोरडी बैठक म्हणून दोन-तीन इंच उंच ठेवावा. पुढील २ फुटांचा भाग ओला. याचा ढाळ बसणाऱ्या बाईपासून दूर, समोरच्या कडेला घेतलेल्या चार इंची पन्हळीकडे असावा आणि पन्हळीचा ढाळ एका टोकाकडे. ढाळाचे माप चार फुटांस एक इंच असे धरावे. त्याहून कमी ढाळावर रक्त थिजून राहते, त्याहून फार अधिक दिल्यास विळी सरकते. पन्हळीपलीकडची कड दोन इंच उंच घ्यावी. कोपरे काटकोनी न ठेवता सिमेंटने गोल घोटून घ्यावेत. काटकोनात कुंचा पोचत नाही.

सुरीने काम करणाऱ्यांसाठी उभा कट्टा सोयीचा असतो. त्याची उंची, उभे राहून हात कोपरात वाकवला असता कोपराच्या चार ते सहा इंच खाली यावी. बहुतेक स्त्रियांस सुमारे ३२ इंच उंची योग्य पडते. उंची चुकल्यास त्याची किंमत कंबर देते.

पृष्ठभागाच्या बाबतीत थोडे सांगणे आवश्यक आहे. शहाबादी व कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, चिंच किंवा कोकम लावून मासळी त्यांवर चोळत राहिल्यास आंबटाने दगड हळूहळू खरबरीत होतो व त्या बारीक खड्ड्यांत घाण बसते. ग्रॅनाइटवर आंबटाचा परिणाम होत नाही. ग्रॅनाइट परवडत नसल्यास शहाबादी वापरण्यास हरकत नाही, पण आंबट लावण्याचे काम परातीत करावे. सिमेंटची उत्तम घोटाईही चालते. तीसही आंबट मानवत नाही, मात्र ती दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करून घेता येते. तोडण्यासाठी चिंचेचा ओंडका वापरण्याची रीत चांगली आहे. तो रोज मीठ लावून घासावा व उन्हात उभा करून वाळवावा. ओला ओंडका कोपऱ्यात आडवा टाकणे वाईट.

वर छप्पर, बाजूला माश्या अडविणारी जाळी आणि डोक्याच्या उंचीवर तोटी लावलेले पिंप असावे. साठवलेल्या बादलीत पुन्हा पुन्हा मासे बुचकळण्यापेक्षा बारीक धारेखाली धुतल्यास पाणीही कमी लागते.

कामाची रीत

काम एका दिशेने पुढे सरकावे. एका टोकास आलेली मासळी, मग खवले, मग पोट काढणे, मग धुणे आणि दुसऱ्या टोकास स्वच्छ भांडे. धुतलेला मासा पुन्हा खवल्यांच्या बाजूस येऊ देऊ नये. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढावेत. पोट चिरताना पाते उथळ चालवावे. पित्ताची पिशवी फुटली तर मांस कडू होते. रोहू-कटल्याचे पित्त औषध म्हणून कच्चे गिळण्याची चाल काही ठिकाणी आहे. त्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याचे रुग्ण भारतात नोंदले गेले आहेत. ही चाल आढळल्यास कार्यकर्त्यांनी तेथेच थांबवावी.

शिंगाळ्यासारख्या माशांचे काटे प्रथम पकडीने तोडावेत. काटा लागल्यास जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरावा. वेदना कमी होते. नंतर आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावे.

साफ केलेली मासळी लगेच बर्फात जावी. मासळीइतक्याच वजनाचा, पिण्याच्या पाण्यापासून केलेला बर्फ फोडून घ्यावा व थरांवर थर रचावेत. वितळलेले पाणी खालून निघून जाईल अशी सोय पेटीस हवी. काम संपल्यावर कट्टा आधी साबणाने घासावा आणि मगच जंतुनाशक वापरावे. घाणीवर ओतलेले जंतुनाशक वाया जाते. १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळून ते पाणी १० मिनिटे कट्ट्यावर राहू द्यावे व नंतर साध्या पाण्याने धुवावे. ही पावडर उघडी राहिल्यास तिचा जोर जातो, म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा.

टाकाऊ माल

आतडी, कल्ले व खवले तळ्यात टाकू नयेत. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि रोगी माशांतील जंतू तळ्यात परत जातात. मासे तेच खातात, मग खाद्य वाचते, असा हिशेब काही शेतकरी करतात. एका पहाटे मासे तोंड वर करून पृष्ठभागावर येऊ लागले की तो हिशेब फसतो.

कोकणात हा माल नारळाच्या आळ्यात पुरण्याची चाल आहे व ती उत्तम आहे. बुंध्यापासून चार-पाच फुटांवर चर घेऊन एक भाग मासळीच्या मालास तीन भाग पालापाचोळा मिसळावा, वर किमान फूटभर माती घालावी व दगड ठेवावेत, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. ऐन पावसात चर पाण्याने भरतात; त्या दिवसांत छपराखाली ढीग करावा.

दुसरा उपाय गुळाचा. समान वजनाचा टाकाऊ माल व गूळ एकत्र करून प्लॅस्टिकच्या पिंपात सावलीत तीन-चार आठवडे ठेवावा. झाकण सैल असावे, कारण आत वायू तयार होतो. गाळलेला अर्क एक लिटर पाण्यात २ ते ५ मिलिलिटर या प्रमाणात भाजीपाल्यावर फवारतात. केरळ व तामिळनाडूतील सेंद्रिय शेती करणाऱ्यांत ही रीत रूढ आहे. गुळाचा भाव पाहता हा अर्क फुकट पडतो असे मात्र कोणी सांगू नये. ज्यांच्याकडे काळा, खालच्या प्रतीचा गूळ स्वस्त मिळतो त्यांनाच तो परवडतो.

साफ केलेली मासळी विकावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करून घेणे आवश्यक आहे.

गवंड्याची मजुरी पूर्ण देण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. बांधकाम पुरेसे मुरले की कट्ट्यावर बादलीभर पाणी ओतावे व पाच मिनिटे थांबावे. जेथे पाणी साचून राहील तेथे कोळशाने खूण करावी व तेवढा भाग खरवडून पुन्हा घोटून घ्यावा. तसेच हौदाचे झाकण काढून पाणी पाइपातून पुढे जाते की मागे साचते, हे पाहावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर शोषखड्ड्याची हीच तपासणी पुन्हा करावी.