काटा गेटवर, हिशोब ऑफिसात : सिरियल पोर्ट नेटवर्कवर कसा आणावा?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतला बराचसा धंदा वजनावर चालतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरचा ऊस, इंदापूरच्या बाजारातले डाळिंब, भिगवणची मासळी. माल कोणताही असो, पैसे काट्यावरच्या आकड्याचेच होतात. हा आकडा चिठ्ठीवर लिहून ऑफिसात पुन्हा टाईप केला, तर १८,४६० चे १८,६४० व्हायला वेळ लागत नाही. फरक १८० किलोचा आणि भांडण कायमचे!

इलेक्ट्रॉनिक भुईकाट्याच्या इंडिकेटरला बहुधा आरएस-२३२ सिरियल पोर्ट असतो. त्यातून वजनाचा आकडा संगणकाकडे जातो व सॉफ्टवेअर तो 'कॉम' पोर्टवर वाचते. अडचणी दोन. ही केबल साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची असते. शिवाय एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम वापरू शकतो.

यावर उपाय म्हणजे 'सिरियल डिव्हाइस सर्व्हर' नावाची छोटी पेटी. तिच्या एका बाजूला काटा, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची केबल. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. ऑफिसच्या संगणकात 'व्हर्च्युअल कॉम पोर्ट' बसवला, की जुन्या सॉफ्टवेअरला काटा शेजारीच जोडल्यासारखा वाटतो.

जोडणी करताना हा क्रम ठेवावा :

१) बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी व स्टॉप बिट दोन्हीकडे सारखे ठेवा (उदा. ९६००, ८, नाही, १). एकही चुकले तर पडद्यावर भलतीच अक्षरे उमटतात.

२) पेटीला कायमचा आयपी पत्ता द्या. नाहीतर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलतो व काटा 'हरवतो'.

३) व्हर्च्युअल पोर्टला कॉम-३ किंवा कॉम-४ असा लहान क्रमांक द्या. काही जुन्या प्रोग्रॅमना मोठे क्रमांक चालत नाहीत.

४) पहिल्या दहा गाड्यांचा इंडिकेटरवरचा व पडद्यावरचा आकडा ताडून पाहा.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. नेटवर्क तुटले तर काही सॉफ्टवेअरमध्ये मागच्या गाडीचे वजन पडद्यावर तसेच राहते आणि तेच पुढच्या पावतीवर छापले जाते. म्हणून केबल मुद्दाम काढून पाहा. आकडा पुसला जाऊन सूचना आली, तरच ते सॉफ्टवेअर कामाचे. गाडी स्थिर झाल्यावरचेच वजन नोंदले जाते ना, हेही पाहा.

काटा वाचण्याचे काम एकाच संगणकाकडे ठेवा. बाकीच्यांनी त्याने साठवलेली नोंद पाहावी. पेटीचा मूळ पासवर्ड बदला आणि ती थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नका. बारामतीचा काटा इंदापूरच्या पेढीत पाहायचा असेल, तर वजन बारामतीतच साठवून फक्त नोंदी पुढे पाठवाव्यात. मधली लाईन बंद पडली तरी काट्यावरचे काम थांबत नाही.

वाद झालाच, तर वैधमापन खात्याने पडताळून शिक्का मारलेल्या काट्याचा आकडा आधी पाहावा, संगणकाचा नंतर. माल घेऊन आलेल्या माणसाला इंडिकेटर स्वच्छ दिसेल, अशाच जागी तो बसवावा.