आकाशातील उडी : साहस आणि शिस्त

‘विमानातून उडी मारणे म्हणजे जिवावर उदार होणे,’ असे आमच्या घरी सर्वांचे मत. माझेही तेच होते. स्कायडायव्हिंगविषयी वाचले आणि ते बदलले.

या खेळात साधारणतः १३ हजार फुटांवरून उडी घेतात. सुमारे मिनिटभर खेळाडू ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो व मग पॅराशूट उघडतो. पाठीवर पॅराशूट दोन असतात : एक मुख्य, दुसरे राखीव. उंची दाखवणारे यंत्र मनगटावर असते. खेळाडूची शुद्ध हरपली तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे उपकरणही असते. मुख्य पॅराशूट बिघडले तर काय करायचे, हे नवशिक्याकडून आधी जमिनीवरच पुनःपुन्हा घोटून घेतात.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

माझे वडील विहिरी खोदतात. खाली उतरण्यापूर्वी दोर स्वतः ओढून पाहतात. त्यांना हे सारे वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तीही माणसं दोर बघूनच उतरतात की!” साहस म्हणजे बेपर्वाई नव्हे, हे मला तेव्हा खरे पटले. मात्र वडिलांना साहसी असे आजवर कोणी म्हटलेले नाही.